नागपुरात बसून डॉल्फिनचं जनुकीय वैविध्य कसं अभ्यासावं

दरवर्षी जुलैत एम.एस्सी. प्राणिशास्त्राची मुलं प्रकल्पाचा विषय ठरवायला येतात, तेव्हा माझ्या वहीत वाघ, फुलपाखरं, अंबाझरी तलावाचं पाणी आणि संत्र्यावरची कीड अशा चार रांगा आधीच आखलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, डॉल्फिनवर करता येईल का?" मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "काहून, फुटाळा तलावात सोडले का कोणी?" वर्ग खो खो हसला. नागपूरहून कुठल्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. हसू येणारच.

पण करता येतं, आणि चांगलं करता येतं. जगभरच्या संशोधकांनी डॉल्फिनच्या डीएनएचे हजारो सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचे क्रम, जेनबँक या इंटरनेटवरच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. लागणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात: मेगा, डीएनएएसपी, आर्लेक्विन, पॉपआर्ट आणि आर. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. मी त्या मुलीला विषय दिला. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही दोघी जिथे जिथे अडखळलो, त्या जागा इथं क्रमाने सांगते.

आधी प्रश्न नीट विचारा

"डॉल्फिनचं जनुकीय वैविध्य" हे प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर छान दिसतं, पण तो प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: अमुक जातीचे डॉल्फिन अमुक दोन-चार किनाऱ्यांवर आढळतात, ते आपसांत मिसळतात की नाही? किंवा, किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनमध्ये खोल समुद्रातल्यांपेक्षा वैविध्य कमी आहे का? उत्तर हो किंवा नाही असं देता येईल, इतका प्रश्न घासून काढा.

विदर्भातल्या मुलांना ही गोष्ट वाघावरून चटकन कळते. कान्हा आणि पेंच, सातपुडा आणि मेळघाट यांच्यामधले जंगलपट्टे शाबूत असतील तर वाघ ये-जा करतात आणि दोन्हीकडच्या वाघांची जनुकं मिसळत राहतात. पट्टा तुटला की दोन्हीकडे हळूहळू फरक पडायला लागतो. हायवे दिसतो, खाण दिसते, कुंपण दिसतं. समुद्रात यातलं काहीच दिसत नाही. सलग पाणी, दिवसात कितीतरी अंतर कापणारा प्राणी, म्हणून आपण धरून चालतो की सगळे एकच असणार. नेमकं तिथेच चुकतं. हवाईत स्पिनर डॉल्फिनच्या बाबतीत एका बेटाचे आणि शेजारच्या बेटाचे डॉल्फिन जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले आहेत. मधे भिंत कसली? पाण्याची खोली, तापमान, भक्ष्य आणि आईने शिकवलेल्या सवयी.

म्हणून जात निवडताना दूरवर पसरलेली निवडा, पण नकाशावर तिचे तीन-चारच तुकडे घ्या. आम्ही बॉटलनोज डॉल्फिन घेतला.

जात कोणती, हे लेबलावरून ठरवू नका

बॉटलनोज म्हणजे टर्सिऑप्स ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट. तिच्यातला टर्सिऑप्स ट्रंकेटस जगातल्या जवळजवळ सगळ्या उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत आहे. टर्सिऑप्स अडंकस दक्षिण आफ्रिकेपासून आपल्या किनाऱ्यावरून पुढे जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत, बहुतेक करून किनाऱ्याजवळ. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अनेक जण या दोघांना एकच जात मानत. त्यामुळे जुन्या नोंदींवर ट्रंकेटस लिहिलेलं असलं तरी तो खरोखर ट्रंकेटसच असेल, याची खात्री नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या बॉटलनोजना टर्सिऑप्स एरेबेनस अशी स्वतंत्र जात मानावं, असं मांडलं गेलं आणि ते स्वीकारलंही गेलं. त्याआधीच्या नोंदींवर अर्थातच जुनंच नाव आहे.

उपाय सोपा आहे. उतरवलेले सगळे सिक्वेन्स आणि खात्रीच्या जातीचे चार-पाच संदर्भ सिक्वेन्स एकत्र घेऊन मेगामध्ये साधी नेबर-जॉइनिंग (जवळचे सिक्वेन्स एका फांदीवर आणणारी) वंशवेल काढा. अडंकस म्हणून आलेला एखादा सिक्वेन्स ट्रंकेटसच्या फांदीवर जाऊन बसला, तर तो बाजूला काढा आणि का काढला ते वहीत लिहा. अडंकसचं मूळ वर्णन ज्या लाल समुद्रातल्या नमुन्यावरून झालं, त्याच जुन्या नमुन्यातून २००७ मध्ये मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए वाचला गेला आहे. संदर्भ म्हणून त्याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही.

अरबी समुद्रातल्या अडंकसमध्येही एक वेगळी वंशरेषा असल्याचं २०१८ मध्ये पुढे आलं. म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यासमोर काम बाकी आहे. विषय शोधणाऱ्यांनी इकडे जरूर बघावं.

डीएनएचा कोणता तुकडा?

पहिल्या प्रकल्पाला माझं उत्तर ठरलेलं आहे: मायटोकाँड्रियाची कंट्रोल रीजन. डॉल्फिनचा मायटोकाँड्रियल डीएनए सुमारे १६,४०० बेस (डीएनएची अक्षरं) लांब असतो. त्यातला नऊशेच्या वर बेसचा हा भाग प्रथिनं बनवत नाही, म्हणून इतर भागांच्या मानाने लवकर बदलतो. बहुतेक शोधनिबंधांत त्याचा पहिला चारशे-पाचशे बेसचा तुकडाच वाचलेला असतो. डीएलपी १.५ आणि डीएलपी ५ ही प्रायमरची (डीएनएचा हवा तो भाग निवडून वाचायला लागणाऱ्या छोट्या तुकड्यांची) जोडी तुम्हाला पद्धतीच्या परिच्छेदात पुन्हा पुन्हा भेटेल. एकाच प्रायमरने वाचलेले सिक्वेन्स एकमेकांशी जुळतात, त्यामुळे ही नावं टिपून ठेवा.

मर्यादाही पहिल्याच दिवशी लिहून टाका. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. माद्या जन्मस्थळाजवळ राहत असतील आणि नर दूरवर भटकत असतील, तर मायटोकाँड्रिया सांगेल "वेगळे", आणि पेशीच्या केंद्रकातली, आईबाप दोघांकडून आलेली जनुकं सांगतील "मिसळलेले". दोन्ही खरं. याचा ठोकळेबाज अर्थ काढला की प्रकल्प फसतो.

केंद्रकातल्या जनुकांसाठी मायक्रोसॅटेलाइट (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) लागतात. मायक्रोसॅटेलाइटमध्ये एका प्रयोगशाळेने मोजलेली लांबी दुसरीच्या लांबीशी सहजासहजी जुळत नाही, त्यामुळे निरनिराळ्या निबंधांतले आकडे एकत्र करू नका. एसएनपीची माहिती कच्च्या स्वरूपात मिळते, पण ती हाताळायला लॅपटॉप पुरत नाही. सहा महिन्यांत हे सगळं बसत नाही. बसवायला गेलं की मुलं रडतात, हे पाहिलं आहे.

जेनबँकेतून उतरवताना

जेनबँक चालवणाऱ्या एनसीबीआयच्या संकेतस्थळावर न्यूक्लिओटाइड विभागात जा. ऑर्गॅनिझम या रकान्यात जातीचं शास्त्रीय नाव टाका. सोबत "कंट्रोल रीजन" हे शब्द इंग्रजीत टाका, आणि मग तोच शोध "डी-लूप" घालून परत करा. एकाच भागाला लोक दोन नावांनी नोंदवतात. एकाच नावाने शोधलं तर बरंच हातचं सुटतं. लांबी तीनशे ते हजार बेस अशी मर्यादा घाला. पूर्ण मायटोकाँड्रियाचे सिक्वेन्स वेगळे शोधा. त्यांतून हवा तो तुकडा कापून घेता येतो.

एकाच निबंधातले सिक्वेन्स पॉपसेट या विभागात एकगठ्ठा सापडतात. सुट्या नोंदी वेचत बसण्यापेक्षा तिथून सुरुवात केली तर वेळ वाचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं मुलांना सगळ्यात कंटाळवाणं वाटणारं. प्रत्येक नोंद उघडा आणि एक्सेलमध्ये तक्ता भरा: नोंद क्रमांक, जात, देश, नेमकं ठिकाण, अक्षांश-रेखांश असल्यास, नमुना कसा मिळाला, कोणत्या वर्षी, कोणत्या निबंधात. ठिकाणाचा रकाना पूर्वी "कंट्री" नावाचा होता, आता "जिओ-लोक-नेम" असा दिसतो. बऱ्याच जुन्या नोंदींत तो रिकामाच असतो. मग निबंध उघडून शोधा. निबंधातही नसेल तर तो सिक्वेन्स तुमच्या कामाचा नाही, कितीही स्वच्छ असला तरी. आमच्या पहिल्या यादीतले जवळपास एक तृतीयांश सिक्वेन्स असे गेले. त्या मुलीचा चेहरा उतरला होता. मला मात्र प्रकल्प आता कुठे सुरू झाला असं वाटलं.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या मेलेल्या डॉल्फिनचा नमुना असेल तर तसा शेरा मारा. लाटांनी आणि प्रवाहांनी तो कुठून आणला, सांगता येत नाही. मच्छीमारांच्या जाळ्यात सापडलेला किंवा जिवंत डॉल्फिनच्या कातडीचा छोटा तुकडा घेतलेला नमुना ठिकाणाच्या बाबतीत जास्त भरवशाचा.

मला लागलेली ठेच

हे माझ्या स्वतःच्या पहिल्या कामातलं. तेव्हा मी विद्यार्थिनी होते. एका किनाऱ्याचे चौदा सिक्वेन्स जेनबँकेतून उतरवले, सॉफ्टवेअरला दिले, हॅप्लोटाइप वैविध्य आलं नेमकं १. मी हरखले. इतकं वैविध्य! मार्गदर्शकांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "ही चौदा जनावरं आहेत की चौदा प्रकार?"

झालं होतं असं. हॅप्लोटाइप म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याचा एक विशिष्ट प्रकार. पुष्कळ संशोधक समजा साठ डॉल्फिन तपासतात, त्यांत चौदा हॅप्लोटाइप मिळतात, आणि जेनबँकेत फक्त ते चौदा प्रकार, प्रत्येकी एकदाच, जमा करतात. कोणता प्रकार कोणत्या ठिकाणी किती जनावरांत सापडला, हे निबंधातल्या तक्त्यात किंवा पुरवणीत असतं. नुसते सिक्वेन्स उतरवले की प्रत्येक जण वेगळाच दिसणार, आणि उत्तर १ च येणार. गणितानेच तसं ठरलेलं आहे.

म्हणून प्रत्येक निबंधाचा तो तक्ता शोधा. हॅप्लोटाइप क्रमांक सात बावीस जनावरांत असेल, तर तुमच्या फाइलमध्ये तो सिक्वेन्स बावीस वेळा यायला हवा. किंवा आर्लेक्विनमध्ये देताना त्याच्यापुढे २२ हा आकडा हवा. तक्ता मिळाला नाही तर तो निबंध वैविध्याच्या गणितातून वगळा. फक्त वंशवेलीत किंवा हॅप्लोटाइपचं एकमेकांशी नातं दाखवणाऱ्या जाळ्यात दाखवायला वापरलात तर चालेल.

अलाइनमेंट आणि छाटणी

सिक्वेन्स एकाखाली एक लावायला मेगामधला मसल हा प्रोग्राम पुरतो, माफ्टही चांगला. लावल्यावर डोळ्यांनी बघा, शेवटपर्यंत. एखादी ओळ सगळ्यांपेक्षा वेगळी, जवळजवळ प्रत्येक जागी निराळी दिसली, तर ती बहुधा उलट्या दिशेने जमा झालेली आहे. रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करून (उलटा फिरवून, जोडीची अक्षरं घालून) पुन्हा लावा. तरीही विचित्र असेल तर तो केंद्रकात जाऊन बसलेला मायटोकाँड्रियाचा जुना तुकडा असू शकतो. असे तुकडे प्रायमरला फसवतात.

मग छाटणी. कुणी ३८० बेस वाचले, कुणी ९००. सगळ्यांना समान असलेला भागच ठेवा. इथे मोह होतो: लांब तुकडा ठेवला तर माहिती जास्त, पण जनावरं कमी, आखूड ठेवला तर उलट. मी जनावरांच्या बाजूने झुकते, कारण आपला प्रश्न लोकसंख्येचा आहे. पण छाटल्यावर दोन हॅप्लोटाइपमधला फरक कापून निघालेल्या भागातच होता असं झालं, तर ते दोघे आता एकच ठरतात. हॅप्लोटाइपची यादी छाटणीनंतर नव्याने करा. निबंधातली जुनी नावं जशीच्या तशी चालवू नका.

एन (न वाचता आलेला बेस) हे अक्षर जास्त असलेल्या ओळी काढून टाका. गॅप (ओळीतली रिकामी जागा) बदल म्हणून मोजायची की नाही, एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

दोन आकडे, आधी कागदावर

सॉफ्टवेअरने दिलेला आकडा मुलं प्रसादासारखा घेतात. म्हणून मी आधी पाटीवर करून घेते.

समजा एका किनाऱ्याचे १० डॉल्फिन आहेत. हॅप्लोटाइप ए पाच जणांत, बी तिघांत, सी दोघांत. वाटे झाले ०.५, ०.३, ०.२. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज: ०.२५ अधिक ०.०९ अधिक ०.०४, म्हणजे ०.३८. ती १ मधून वजा केली तर ०.६२. नमुना लहान असल्याची दुरुस्ती म्हणून त्याला १० भागिले ९ ने गुणा. उत्तर ०.६८९. हेच हॅप्लोटाइप वैविध्य. अर्थ: या कळपातून डोळे मिटून दोन डॉल्फिन उचलले तर ते वेगळ्या हॅप्लोटाइपचे असण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के.

पण वेगळे म्हणजे किती वेगळे? त्यासाठी न्यूक्लिओटाइड वैविध्य. समजा तुकडा ४०० बेसचा, ए-बी मध्ये २ बेसचा फरक, ए-सी मध्ये ५, बी-सी मध्ये ४. ए-बी च्या जोड्या ५ गुणिले ३, म्हणजे १५. ए-सी च्या १०. बी-सी च्या ६. एकूण फरक ३० अधिक ५० अधिक २४, म्हणजे १०४. दहा जणांच्या एकूण जोड्या ४५. दर जोडीमागे २.३११, आणि दर बेसमागे ०.००५८.

हे दोन आकडे एकत्र वाचायची सवय लावा. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल, तर प्रकार पुष्कळ पण एकमेकांच्या अगदी जवळचे. मूळची लहान लोकसंख्या अलीकडे वाढली असावी, अशी शंका घ्यायला जागा आहे. दोन्ही लहान असतील तर मोजक्याच माद्यांपासून वंश पुढे आला असावा. किलर व्हेल, जो खरं तर डॉल्फिन कुळातलाच सगळ्यात मोठा प्राणी, जगभर पसरलेला असूनही त्याच्या मायटोकाँड्रियातलं वैविध्य फारच कमी आहे. पसारा मोठा म्हणजे वैविध्य मोठं, हे समीकरण तिथेच मोडतं.

दोन ठिकाणं वेगळी आहेत का?

यासाठी एफएसटी, म्हणजे एकूण वैविध्यातला ठिकाणांमधल्या फरकाचा वाटा. तेही कागदावर. पहिल्या किनाऱ्यावर ए ८० टक्के, बी २० टक्के. दुसऱ्यावर ए ४०, बी ६०. पहिल्याच्या आतलं वैविध्य ०.३२, दुसऱ्याच्या आतलं ०.४८, सरासरी ०.४०. दोन्ही एकत्र केले तर ए ६०, बी ४०, वैविध्य ०.४८. एकत्रातून सरासरी वजा करून एकत्राने भागा: ०.०८ भागिले ०.४८, म्हणजे ०.१६७. एकूण वैविध्यातला सुमारे सहावा हिस्सा दोन किनाऱ्यांमधल्या फरकामुळे आहे.

आता एक गंमत, जी फार थोडी मुलं स्वतःहून शोधतात. समजा दोन किनाऱ्यांचा एकही हॅप्लोटाइप सामाईक नाही, म्हणजे फरक पुरेपूर. पण प्रत्येकाच्या आत वैविध्य ०.९ आहे. एकत्र वैविध्य येतं ०.९५. एफएसटी किती? ०.०५ भागिले ०.९५, फक्त ०.०५३. लहान आकडा पाहून "फारसा फरक नाही" असं लिहिलं तर साफ चूक. म्हणून एफएसटीसोबत फाय-एसटी काढा, जो हॅप्लोटाइपमधले बेसचे फरकही धरतो, आणि प्रत्येक ठिकाणचं आतलं वैविध्य शेजारच्या रकान्यात छापा. आर्लेक्विन दोन्ही देतो. परम्युटेशन (नमुन्यांची अदलाबदल करून केलेल्या फेऱ्या) किमान १०,००० ठेवा.

सहा ठिकाणं घेतलीत तर जोड्या पंधरा होतात. दर जोडीला पाच टक्क्यांची चाळणी लावली तर निव्वळ योगायोगाने एखादी जोडी "वेगळी" निघू शकते. त्यामुळे पी-मूल्यांना (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याच्या शक्यतांना) बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती लावा. तीन-चार जनावरांवरून एखाद्या किनाऱ्याबद्दल काहीही बोलू नका. माझा घरचा नियम: दहापेक्षा कमी असतील तर तो किनारा जाळ्यात दाखवायचा, एफएसटीत धरायचा नाही. आणि ती दहा एकाच कळपातली माय-लेकरं नसावीत.

हॅप्लोटाइपचं जाळं पॉपआर्टमध्ये काढा. नकाशातल्या प्रत्येक ठिकाणाला एक रंग, वर्तुळाचा आकार जनावरांच्या संख्येइतका. जाळं सुंदर दिसतं म्हणून मुलं त्यावरच निष्कर्ष काढतात. जाळं हे चित्र आहे, चाचणी नाही. मात्र मोठी चूक पहिल्यांदा तिथेच दिसते: एखादं वर्तुळ बाकीच्यांपासून पंचवीस पावलं दूर लटकत असेल तर आधी जात तपासा.

कुणाकडे केंद्रकाची माहिती असेल आणि स्ट्रक्चर हे गट शोधणारं सॉफ्टवेअर चालवायचं असेल, तर एवढंच लक्षात ठेवा: गट किती ते ठरवणारी डेल्टा-के ही पद्धत "गट एकच आहे" हे उत्तर कधीच देऊ शकत नाही. गट नसतील तरी ती दोन किंवा तीन दाखवेल.

समुद्रातलं अंतर

अंतर वाढेल तसा फरक वाढतो का, हे पाहायला मँटेल चाचणी करतात. त्यासाठी ठिकाणांमधलं अंतर लागतं, आणि मुलं गूगल मॅपवर सरळ रेष ओढतात. मुंबई ते चेन्नई सरळ रेष पठारावरून जाते. डॉल्फिन काही चेन्नई एक्सप्रेसने जात नाही. त्याला कन्याकुमारीला वळसा घालावा लागतो. पुढे रामसेतूजवळचं उथळ पाणी मोठ्या जहाजांना चालत नाही, ती श्रीलंकेला वळसा घालतात. किनाऱ्यालगतचा डॉल्फिन मात्र उथळातून जाऊ शकतो. म्हणून अंतर जातीच्या सवयीप्रमाणे काढायचं. आरमधलं मारमॅप हे पॅकेज समुद्राच्या खोलीचा नकाशा घेऊन पाण्यातूनच सगळ्यात जवळची वाट शोधतं, आणि कमीत कमी-जास्तीत जास्त खोलीची अटही घालता येते. किनारी जातीसाठी उथळाची अट घालून आणि अट न घालता, अशा दोन्ही रीतींनी काढा. उत्तरं वेगळी आली तर तो स्वतःच एक निकाल आहे.

निकालाचा अर्थ लावताना

बॉटलनोजबाबत जगात अनेक ठिकाणी दिसलेलं चित्र असं: खोल समुद्रातले डॉल्फिन वैविध्याने श्रीमंत, किनारी कळप त्या मानाने गरीब, आणि किनारी कळपांत आपापसांत फरक जास्त. तुमचं उत्तर याच्याशी जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर घाबरू नका, पण निष्कर्ष लिहिण्याआधी नमुन्यांच्या तक्त्याकडे परत जा. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा चमत्कारिक निकालाचं मूळ तिथेच सापडतं: एका किनाऱ्याचे सगळे नमुने एकाच वर्षातले, दुसऱ्याचे सगळे वाहून आलेल्या जनावरांचे, तिसऱ्याचे एकाच कळपातले. सॉफ्टवेअर बदलून काही होत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये अडंकसच्या काही माद्या समुद्रतळ धुंडाळताना चोचीवर स्पंज घालतात, आणि ही कला आई मुलीला शिकवते. मायटोकाँड्रियाही आईकडूनच येतो. त्यामुळे त्या सवयीचे डॉल्फिन हॅप्लोटाइपनेही एकत्र दिसतात. निबंधात "अडथळा" शोधताना हे उदाहरण आठवा. अडथळा कधी कधी स्वयंपाकाच्या पद्धतीइतका घरगुती असतो.

खरे नमुने हवे असतील तर

पीएच.डी.च्या वाटेवर असलेल्यांसाठी थोडक्यात. आपले सगळे डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाहून आलेल्या मृत डॉल्फिनचा कातडीचा तुकडासुद्धा परवानगीशिवाय उचलायचा नाही. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देतात, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. यात एक मजा आहे: कोकणातल्या डॉल्फिनचा अर्ज करायला कोकणातल्या संशोधकाला नागपूरला यावं लागतं, सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात. आपल्याला तो ऑटोने जाऊन देता येतो. किनाऱ्यावर प्रत्यक्ष काम वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या मदतीशिवाय पुढे सरकत नाही.

नमुना फॉर्मलिनमध्ये कधीही टाकू नका. डीएनए तुटतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) लागत नाही. मीठ संपृक्त केलेलं वीस टक्के डीएमएसओचं द्रावण किंवा पंचाण्णव टक्के इथेनॉल वापरा. नागपूरच्या मे महिन्यात इथेनॉलची सैल झाकणाची बाटली रिकामी व्हायला वेळ लागत नाही, म्हणून झाकणावर पॅराफिल्म गुंडाळा आणि बाटलीवर लेबल पेन्सिलीने लिहा. सांडलेल्या इथेनॉलने पेनची शाई पुसली जाते. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर साइटिसचा (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना आणि जैवविविधता कायद्याखालची मंजुरी, दोन्ही आधी. वाट लांब आहे, म्हणून पहिला प्रकल्प जेनबँकेवर करा.

व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी

प्रबंधाच्या परिशिष्टात वापरलेल्या प्रत्येक सिक्वेन्सचा नोंद क्रमांक, ठिकाण आणि जनावरांची संख्या द्या. वगळलेल्यांचाही तक्ता द्या, कारणासकट. सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. अलाइनमेंटची फाइल सीडीवर नको, पेनड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडे. उन्हाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप कधी दगा देईल, सांगता येत नाही.

बाहेरून येणारे परीक्षक बहुधा एफएसटीच्या तक्त्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा वजा ०.०१२ कसा आला? फरक शून्यापेक्षा कमी कसा असेल?" त्या मुलीलाही हेच विचारलं. तिने सांगितलं की आर्लेक्विनचं सूत्र लहान नमुन्यामुळे येणारा फाजील फरक वजा करतं. दोन ठिकाणांत खरा फरक जवळजवळ नसला की वजाबाकी थोडी खाली घसरते, म्हणून असा आकडा शून्य समजायचा, पण तक्त्यात जसा आला तसाच छापायचा. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले.